योद्धा बहिणीचे चिलखत: काल्पनिक खेळांतील स्त्रीपात्रांना कोणते कपडे घालावेत?

रेघोटी, भुसावळ

नमस्कार. मी भुसावळला राहते आणि गेली पाच वर्षे घरूनच खेळांसाठी पात्रांची चित्रे काढते. सध्या हाती असलेल्या कामाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोबाइलवरच्या एका पत्त्यांच्या खेळासाठी मी एक काल्पनिक राज्य रंगवते आहे. राज्य काल्पनिक असले तरी त्याची माती माझ्या ओळखीची आहे. खाली काळ्या जमिनीतून वाहणारी तापीसारखी नदी, वर सातपुड्यासारखा डोंगर, मध्ये एक घाट आणि तो घाट राखणारे भाऊ-बहीण. दोघे एकाच घरात वाढले, एकाच वस्तादाच्या हाताखाली शिकले आणि एकाच चौकीवर पहारा देतात. मला मिळालेल्या लेखी वर्णनातही दोघांच्या नावापुढे एकच शब्द होता, ‘घाटरक्षक’.

भावाचे चित्र पहिल्याच फेरीत मंजूर झाले. गुडघ्यापर्यंत चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण, कमरेला रुंद पट्टा, पायांत जाड तळाचे जोडे, आणि चेहऱ्यावर रात्रभर जागल्याचा थकवा. बहिणीचे चित्र मात्र चार वेळा परत आले. पहिल्यांदा कंबर बारीक करायला सांगितले. दुसऱ्यांदा पोटावरचे चिलखत काढायला सांगितले. तिसऱ्यांदा शिरस्त्राण नको, केस मोकळे हवेत आणि एक मांडी उघडी हवी, असा निरोप आला. चौथ्यांदा तर शरीराला असा पीळ द्यायला सांगितले की छाती आणि नितंब दोन्ही एकाच वेळी बघणाऱ्याला दिसले पाहिजेत. मी आरशासमोर तसे उभे राहून पाहिले. कमरेत कळ आली आणि तोल सावरण्यासाठी भिंतीला हात लावावा लागला. त्या अवस्थेत कोणतीही बाई तलवारीचा वार अडवू शकणार नाही.

दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी शेजारी उघडी असताना आई चहा घेऊन आली आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, “हाऊ लढाले चालना, पन हाई कोठे चालनी?” तिने विचारले ते मला चार फेऱ्यांत शब्दांत मांडता आले नव्हते.

माझे विचारणे दोन गोष्टींबद्दल आहे. पहिली व्यवहाराची. काम देणाऱ्याचा अपमान न करता आणि काम हातचे न घालवता हे त्यांना कसे पटवावे? दुसरी शंका माझ्या स्वतःच्या मनातली आहे. ज्या अजिंठ्याकडे पाहून मी रेषा शिकले, तिथल्या स्त्रियांच्या अंगावर तरी किती वस्त्र आहे? ती चित्रे मला कधी खटकली नाहीत, मग ही का खटकतात? हा भेद नीट सांगता आला नाही, तर माझा आक्षेप केवळ सोवळेपणाचा ठरेल, आणि तो तसा नाही.

चित्रकला शिक्षक, जळगाव

ताई, तुमची दुसरी शंका आधी घेतो, कारण ती मला माझे विद्यार्थी दर वर्षी विचारतात. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर, त्यामुळे हिवाळ्यात एकदा तरी मुलांना घेऊन जाणे होतेच. 17 क्रमांकाच्या लेण्यात आरशात पाहून शृंगार करणारी राजस्त्री आहे. तिच्यापुढे आल्यावर मुले आधी संकोचतात, मग एकमेकांकडे पाहतात, आणि परतीच्या वाटेवर कोणीतरी धीर करून विचारतेच. त्याचे उत्तर मी 1 क्रमांकाच्या लेण्यात देतो. तिथे बोधिसत्त्व पद्मपाणी आहे. हातात कमळ, डोक्यावर मुकुट, गळ्यात मोत्यांचा सर, आणि छाती उघडी. त्याच्या आसपासच्या कथाचित्रांतील राजे आणि राजपुत्रही तसेच आहेत. उलट दासी, सेवक आणि दूरदेशीचे पाहुणे यांच्या अंगावर पुष्कळदा शिवलेले कपडे दिसतात. म्हणजे त्या चित्रकारांच्या जगात उघडे अंग आणि त्यावरचे दागिने ही थोरवीची खूण होती, आणि तो नियम पुरुषाला आणि स्त्रीला सारखाच लागू होता.

आता तुमचे चित्र पाहा. तुमच्या राज्यात पुरुषाला लोखंड टोचते आणि स्त्रीला टोचत नाही, असे दोन वेगळे नियम आहेत. खटकते ते हेच. अंग किती दिसते हा प्रश्न दुय्यम आहे. एकाच चौकटीत, एकाच संकटापुढे उभ्या असलेल्या दोघांना चित्रकाराने एकाच नियमाने कपडे घातले आहेत का, हे पाहावे. अजिंठ्यातील ती राजस्त्री आरशात स्वतःकडे पाहते आहे, आपल्या दालनात आहे, आपल्या माणसांत आहे. तुमची घाटरक्षक शत्रूकडे पाहायचे सोडून पडद्याबाहेरच्या माणसाकडे पाहते, कारण तिला तसे उभे केले आहे.

ही रीत आली कुठून, हेही थोडे सांगतो. 1960 च्या दशकात अमेरिकेत स्वस्त साहसकथांच्या मुखपृष्ठांवर फ्रँक फ्राझेटा यांची चित्रे गाजली. रंगांवर आणि शरीराच्या हालचालीवर त्यांची विलक्षण हुकमत होती, त्यांच्याकडून आजही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण त्या चित्रांतील पुरुषही कमरेला कातडे गुंडाळलेलाच असे. पुढे 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला, त्यामागून संगणकावरचे खेळ आले, आणि चिलखताला गुण, किंमत आणि संरक्षणाचे आकडे मिळाले. तेव्हा पुरुषाने कातडे टाकून पोलाद घातले. स्त्री मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्या मुखपृष्ठावरच राहिली. रेड सोन्जा या पात्राचे उदाहरण बोलके आहे. 1973 मध्ये अमेरिकन चित्रकथेत ती प्रथम आली तेव्हा तिच्या अंगात जाळीचा सदरा होता. थोड्याच काळात दुसऱ्या चित्रकाराने त्या जागी धातूच्या खवल्यांची अंतर्वस्त्रे तिला घातली, आणि पुढची कित्येक वर्षे तीच तिची ओळख ठरली. पात्र तेच, तलवार तीच, शत्रूही तेच. कपडे तेवढे बदलले, आणि ते तिच्या कथेत काही घडले म्हणून बदलले नव्हते.

जाळीकाम, मूळ अमळनेर, सध्या पुणे

सरांचे म्हणणे पूर्ण पटले. मी या चित्रांवरून त्रिमितीय मॉडेल बनवण्याचे काम करतो, म्हणून कारखान्याच्या आतली बाजू सांगतो.

आमच्याकडे चिलखत सहसा पुरुषपात्राच्या मापावर आधी तयार होते. मग तेच मेश, म्हणजे संगणकातला त्याचा त्रिमितीय आकार, स्त्रीपात्राच्या सांगाड्यावर बसवायचे असते. या टप्प्यावर दोन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे मापे बदलायची, खांदे थोडे अरुंद करायचे आणि वस्तू तीच ठेवायची. दुसरी वाट म्हणजे बसवता बसवता कापत जायचे. 2004 मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये असे काही पोशाख होते की तीच वस्तू, तोच आकडा, पण पुरुषाच्या अंगावर पूर्ण विजार दिसे आणि स्त्रीच्या अंगावर जेमतेम लंगोटाएवढी पट्टी. याच्या उलट, 2011 च्या ‘डार्क सोल्स’मध्ये चिलखत कोणाच्याही अंगावर चिलखतच राहते. शिरस्त्राण घातले की आत कोण आहे हे कळतही नाही, आणि त्यामुळे खेळाचे काही बिघडले नाही. त्याच निर्मात्यांच्या 2022 च्या ‘एल्डन रिंग’मधली मलेनिया लढाईच्या पहिल्या टप्प्यात सोनेरी चिलखतात, पंखांच्या शिरस्त्राणात आणि एका कृत्रिम हाताने लढते, आणि तिला हरवताना भल्याभल्यांनी रात्री घालवल्या आहेत. तिच्याकडे ओढ वाटण्यासाठी तिचे पोट दिसावे लागले नाही.

कष्टाचे कारणही पुढे केले जाते. 2014 मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’च्या वेळी स्त्रीपात्र घेतले तर हालचाली आणि कपडे यांचे काम दुप्पट होते, असे निर्मात्यांकडून सांगितले गेले होते. या क्षेत्रातल्या अनुभवी ॲनिमेटरनी तेव्हाच ते खोडून काढले. माझा अनुभवही हाच आहे की जास्तीचे काम असते, पण हालचालींचा मोठा भाग सामाईक वापरता येतो. तेव्हा कोणी तुम्हाला खर्चाचे कारण दिले, तर आधी कामाचे तास विचारा.

छातीच्या पत्र्याबद्दल खास लिहितो, कारण ही चूक चांगले चित्रकारही करतात. खऱ्या पोलादी चिलखताच्या छातीचा पत्रा बाहेरच्या बाजूला फुगीर असतो आणि कित्येकदा मध्ये उभी कड असते. भाल्याचे टोक त्यावर आपटले की ते डाव्या-उजव्या बाजूला घसरून जावे, ही त्यामागची योजना. स्त्रीसाठी म्हणून त्यावर दोन वेगळे उंचवटे काढले की मध्ये घळ तयार होते, आणि दोन्हीकडून घसरणारे टोक नेमके छातीच्या हाडावर येऊन बसते. म्हणजे जिवाचे रक्षण करणारी वस्तू आपण जिवावर बेतणारी करतो. पत्र्याच्या आत जाड अस्तराचा अंगरखा असतोच, त्यामुळे एक फुगीर पत्रा स्त्रीच्या शरीरालाही नीट बसतो.

आता व्यवहाराचे. काम देणाऱ्याला नीती सांगू नका, पात्र सांगा. मी असे करतो की चित्राबरोबर दहा ओळींचा कागद पाठवतो. ती सकाळी उठल्यावर काय करते, कोणत्या हाताने लढते, तिला कशाची भीती आहे, तिच्या अंगावरची सर्वांत जुनी वस्तू कोणती. मग प्रत्येक सुचवणीवर विचारतो की या बदलाने वरच्यापैकी कोणती ओळ अधिक स्पष्ट होते. दुसरे, दोन्ही चित्रे पूर्ण काळ्या छायाकृतीत शेजारी ठेवून पाठवा. मोबाइलच्या पडद्यावर पत्ता अंगठ्याएवढा दिसतो, तिथे उघडी मांडी ओळखूही येत नाही. ओळखू येतो तो बाह्याकार. तिचा पट्टा, धनुष्य, डोक्याचे फेटे-टोप, उभे राहण्याची ढब. हा मुद्दा त्यांच्या फायद्याचा आहे, म्हणून तो ऐकला जातो. आणि 2020 मध्ये आलेला पुण्यातल्या चमूचा ‘राजी’ हा खेळ त्यांना जरूर दाखवा. डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी मुलगी, अंगावर आपल्याकडचे साधे, हालचालीला मोकळे कपडे, आणि समोर राक्षसांची फौज. तो खेळ जगभर पोहोचला.

रात्रपाळी, चाळीसगाव

मी वेगळे मत मांडतो, राग मानू नये. मी रोज खेळतो आणि सुंदर पात्रे मला आवडतात. त्यात मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. ज्या जगात अजगर आग ओकतात आणि मेलेले उठून बसतात, तिथे भाल्याचे टोक कुठे घसरेल याचा हिशेब फक्त स्त्रीच्याच चिलखतावर का मागायचा? पुरुषपात्रांचे दंडही माणसाच्या मांडीएवढे असतात, त्याबद्दल कोणी लिहीत नाही. शिवाय या खेळांचा पैसा पोशाखांच्या विक्रीतून येतो. लोक घेतात म्हणून ते बनतात. आमच्या सात-आठ जणांच्या गटात दोन मुली आहेत, त्याही नटलेलीच पात्रे निवडतात. चित्रकाराला नियम घालत गेलो तर शेवटी सगळी पात्रे सारखीच दिसतील, ही भीती मला खरोखर वाटते.

शहाद्याची, शहादा

दादा, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले, म्हणून तितक्याच मोकळेपणाने उत्तर देते. मी त्याच मुलींपैकी एक आहे जिने वर्षानुवर्षे नटलेली पात्रे निवडली. निवडायला बारा स्त्रीपात्रे असत आणि बाराही एकाच साच्यातील असत, फक्त केसांचा रंग वेगळा. त्यातले एक मी घेतले, याचा अर्थ मला तेच हवे होते असा होत नाही. पुरुषपात्रांत मात्र म्हातारा असे, लठ्ठ असे, एक डोळा गेलेला असे, बुटका असे. सगळी पात्रे सारखी दिसण्याची जी भीती तुम्हाला वाटते, ती आमच्या बाजूला कधीच खरी झालेली आहे.

पुरुषांच्या दंडांबद्दलही बोलू. तो दंड पाहून खेळणाऱ्या मुलाला वाटते की मी असा बलवान असतो तर. उघडे पोट पाहून मला तसे काही वाटत नाही. ते माझ्यासाठी काढलेलेच नसते. नटण्याला माझा विरोध नाही. 2009 च्या ‘बायोनेटा’ची नायिका मारी शिमाझाकी या स्त्री चित्रकर्तीने घडवली आणि ती चांगलीच मादक आहे, पण तो तिचा स्वभाव आहे. ती बोलते तशी, चालते तशी आणि लढतेही तशीच. तुम्ही म्हणता ते स्वातंत्र्य तिथे मला दिसते. याउलट 1986 चा ‘मेट्रॉइड’ घ्या. पूर्ण खेळभर जड चिलखतात लढणारी व्यक्ती शेवटी स्त्री निघते, ही केवढी मोठी गोष्ट होती. पण खेळ जितक्या कमी वेळात संपवाल तितके तिच्या अंगावरचे कपडे शेवटच्या चित्रात कमी होत, अशी रचना होती. तिने इतके कष्ट घेतले, आणि बक्षीस म्हणून तीच दिली गेली. हे मला कळले तेव्हा मी खूप वेळ गप्प बसले होते.

आता रेघोटीताईंसाठी. तुमचा डोंगर सातपुड्यासारखा आहे म्हणता, म्हणून विनंती करते. माझे माहेर धडगावच्या बाजूचे, आम्ही पावरा. डोंगरातली लढवय्यी स्त्री म्हटले की खेळांत तिला पाने, पिसे आणि कातड्याची एक चिंधी गुंडाळतात आणि गालावर रंगाचे पट्टे ओढतात. माझ्या आजीला तसे कपडे घातलेले कोणी पाहिले नाही. तिचा घेरदार घागरा असे, डोक्यावर ओढणी असे, आणि गळ्यात व हातांत चांदीचे वजनदार दागिने असत, जे सणाला पूर्ण घातले की चालताना आवाज होई. काठी गावच्या होळीला एकदा या आणि लोक स्वतःला कसे सजवतात ते डोळ्यांनी पाहा. जंगलात राहणारा माणूस अंग झाकतो. करवंदीचे काटे, डास आणि पहाटेची थंडी त्याला ठाऊक असते. उघड्या अंगाने जंगलात शिरण्याची कल्पना ज्याने जंगल दुरून पाहिले त्याची आहे.

आणि तिच्या हातात तीरकामठा देणार असाल तर दोन गोष्टी विसरू नका. सुटलेली दोरी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला सणकन लागते, चामडे सोलवटते. मी लहानपणी मामाच्या कामठ्याने तीन तीर मारले आणि आठ दिवस हातावर वळ घेऊन हिंडले. तिथे चामड्याचा नाहीतर जाड कापडाचा पट्टा हवाच. आणि मोकळे केस दोरीत अडकतात. केस बांधलेले हवेत, घट्ट.

धावदोरा, धुळे

बाळ, मी चित्रकार नाही. 31 वर्षे धुळ्यात शिवणकाम करते, आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून ते हौशी नाटकांपर्यंत पोशाख शिवून देते. माझ्या मुलीने हा विषय वाचून दाखवला आणि मला राहवले नाही.

झाशीच्या राणीचा पोशाख मी किती वेळा शिवला त्याची गणती नाही, आणि हल्ली मुलींचे पालक म्हणतात की जरा घट्ट करा, फोटोत कंबर दिसत नाही. मी त्यांना मुलीलाच विचारायला लावते. मुलगी हात वर करते, खाली वाकते, तलवार फिरवते, आणि काखेतली शिवण उसवते. कपडा माणसाच्या कामावर बेतायचा असतो, उभ्या पुतळ्यावर नाही.

तुमच्या काल्पनिक राज्यासाठी दूर जायला नको. नऊवार लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, आणि त्याचा कासोटा घातला की ते लुगडे राहते आणि विजारही होते. त्यात घोड्यावर बसता येते, विहिरीवर पाणी शेंदता येते, झाडावर चढता येते. दुसरे उदाहरण तर तुमच्या दाराशी आहे. कापसाच्या वेचणीला निघालेल्या बाया नीट पाहा. लुगड्यावर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या, डोक्याला आणि कानांना गुंडाळलेले फडके, कमरेला झोळी. वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी असतात, पऱ्हाटीत हात घातला की मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे उठतात, म्हणून तो सदरा. उन्हामुळे कपडे कमी, असे तुम्हाला कोणी सांगितले तर त्याला आपल्याकडचा मे महिना दाखवा. पारा 45 च्या वर गेला की भुसावळ-जळगावात माणूस अंग झाकून, डोक्याला रुमाल बांधूनच बाहेर पडतो. ज्याला उन्हात काम करायचे आहे तो कपडे काढत नाही.

चिलखताखालच्या जाड अंगरख्याबद्दल पुण्याच्या दादांनी लिहिले ते वाचून मला फार बरे वाटले, कारण ती आपली गोधडीच आहे. जुन्या कापडाचे थर एकावर एक, आणि सगळ्या अंगभर उभा धावदोरा. तो अंगरखा चित्रात जिथे दिसेल, म्हणजे गळ्याशी, मनगटाशी आणि खालच्या काठाला, तिथे टाके काढा. एक टाका वाकडा काढा, तिच्या आईने रात्री दिव्यावर शिवला असेल. दहा-बारा किलोचा जाळीचा सदरा खांद्यांवरून लोंबतो तेव्हा कमरेला पट्टा आवळतात, म्हणजे बराचसा भार कमरेवर उतरतो. पट्टा त्यासाठी असतो. त्याने कंबर बारीक दिसली तर दिसू द्या, पण पट्टा कामाचा दिसला पाहिजे. रुंद हवा, आणि त्याच्या वरच्या बाजूला जाळी थोडी फुगून आलेली हवी.

आमचे कुलदैवत वणीची सप्तशृंगी. चैत्रात इकडून माणसे पायी जातात, मीही तीनदा गेले. देवीला 18 हात आणि हातांत आयुधे आहेत, अंगावर लुगडे-चोळी आहे, नाकात नथ आहे. गाभाऱ्यासमोर उभे राहिल्यावर आधी डोळे दिसतात. हातात शस्त्र घेतलेल्या बाईचे मी पाहिलेले पहिले रूप तेच. शस्त्र धरणारीला नटवायचे कसे हे मी तिथे शिकले, तुम्हीही तिथून सुरुवात करा.

रेघोटी, भुसावळ

सर्वांचे मनापासून आभार. गेले तीन दिवस काम थांबवले होते, आज पुन्हा चित्र काढायच्या पाटीवर आले. सरांचा ‘एकाच चौकटीत एकच नियम’ मी कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला आहे. चाळीसगावच्या दादांचेही मला उपयोगी पडले. त्यांच्या भीतीमुळेच मी बहिणीला भावाची प्रत न करता वेगळी केली. भाऊ तलवारीचा आहे, ती कामठ्याची. भाऊ शिरस्त्राण घालतो, तिने उन्हासाठी फडके गुंडाळून त्याच्या वर लोखंडी टोप चढवला आहे. डाव्या हातावर चामड्याचा पट्टा आहे, आणि त्याच्या वरच्या कडेशी जुन्या वळाची एक फिकट रेघ आहे, पट्टा मिळण्याआधीची. गळ्यातली चांदीची नाण्यांची माळ तिने आवाज होऊ नये म्हणून कापडात गुंडाळून पट्ट्याला बांधली आहे. हे शहाद्याच्या ताईंमुळे सुचले, आणि त्यांची हरकत नसेल तरच ठेवीन. तिचे रूप मी कमी केलेले नाही. ती मला आधीपेक्षा सुंदर वाटते.

दहा ओळींचा कागदही लिहून झाला. दोन्ही छायाकृतींसह उद्या सकाळी पाठवते आहे. आईने चित्र पाहिले आणि काही न विचारता फक्त म्हणाली की हिला भूक लागली असेल, पट्ट्याला भाकरीचे फडके बांध. ते बांधले.

धुळ्याच्या मावशींना एक विचारायचे राहिले. गोधडीचा अंगरखा मांडीपर्यंत येतो, खाली कासोट्याचे लुगडे आहे. पाठीमागून चित्र काढताना कासोट्याचे टोक अंगरख्याच्या आत जाईल की वर राहील?

धावदोरा, धुळे

आत. आधी लुगडे, कासोट्याचे टोक कण्यावर घट्ट खोचलेले, मग अंगरखा, मग जाळी, मग पट्टा. अंगरख्याला मागे मध्यभागी वीतभर चीर ठेव, नाहीतर तिला डोंगर चढताना पाय उचलता येणार नाही. आणि बाही मनगटापेक्षा दोन बोटे लांब काढ. कामठा ओढताना हात वर गेला की बाही नेहमी मागे सरकते.

शहाद्याची, शहादा

माळ ठेवा, ताई. फक्त कापडातून एक नाणे बाहेर आलेले दाखवा.